नर्सिंग कॉलेजने ८५ सेंटिमीटरचा टॉर्सो घ्यावा का?

घ्यावा. मात्र ४५ सेंटिमीटरचा छोटा नको, आणि पेटी उघडून एकेक भाग पाहिल्याशिवाय बिलावर सही नको.

हा पीव्हीसीचा टॉर्सो म्हणजे शरीररचना शिकवायचं मॉडेल, डोक्यापासून मांड्यांच्या सुरुवातीपर्यंतचं धड. छातीपोटाची पुढची बाजू उघडी किंवा काढता येणारी, आतले अवयव सुटे होणारे, स्त्री आणि पुरुष जननेंद्रियांचे तुकडे आलटून पालटून बसवता येणारे. हरियाणातल्या अंबाल्याचे शैक्षणिक साहित्याचे व्यापारी असे टॉर्सो देशभर पाठवतात. भागांची संख्या कॅटलॉगप्रमाणे बदलते. २३ भागांचा नग पहिल्या सेमिस्टरच्या अॅनाटॉमीला पुरेसा आहे. त्याहून जास्त भाग म्हणजे बहुधा मेंदूचे आणखी तुकडे, आणि मेंदूसाठी वेगळं मॉडेल घेतलेलं बरं.

आकाराचा आग्रह कशासाठी, ते मोजपट्टी लावली की कळतं. प्रौढ माणसाची किडनी सुमारे ११ सेंमी लांब, हृदय सुमारे १२ सेंमी, श्वासनलिका १० ते १२ सेंमी. ८५ सेंमीच्या चांगल्या टॉर्सोत ही मापं जवळपास जुळतात. छोट्या टॉर्सोत सगळंच निम्म्यावर येतं आणि विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत तेच माप बसतं. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी आणि पुरुषाचा १८ ते २० सेंमी, हा फरक खऱ्या मापात दिसला तरच कॅथेटर (लघवी काढायची नळी) किती आत सरकवायचा याचा अंदाज येतो. पुरुषाच्या मूत्रमार्गाची दोन वळणं आणि प्रोस्टेटमधून जाणारा भागही त्या तुकड्यात कापून दाखवलेला हवा. फक्त बाहेरून रंगवलेला तुकडा असेल तर परत धाडा.

तपासणीची सुरुवात फुप्फुसांपासून करावी. उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन, आणि डाव्याच्या पुढच्या कडेला हृदयासाठी खाच. उजवा मुख्य ब्रॉन्कस (श्वासनलिकेची फुप्फुसात जाणारी शाखा) डाव्यापेक्षा आखूड, रुंद आणि जास्त उभा दिसला पाहिजे. मुलाने गिळताना श्वासनलिकेत गेलेला दाणा बहुधा उजवीकडे का अडकतो आणि एंडोट्रॅकिअल ट्यूब (श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत घातलेली नळी) जास्त आत गेली की डाव्या बाजूला हवा का पोचत नाही, हे त्या एका कोनातून समजतं. स्वस्त नगांत दोन्ही ब्रॉन्कस एकसारखे ओतलेले असतात. तसंच किडन्यांचं. वर यकृत असल्यामुळे उजवी किडनी डावीपेक्षा थोडी खाली असते, पण साचा साधा असेल तर दोन्ही एका रेषेत येतात.

हृदयाचे दोन भाग उघडल्यावर डाव्या व्हेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड दिसायला हवी. शरीरक्रियाशास्त्राचा धडा इथूनच सुरू करता येतो: उजवं व्हेंट्रिकल फुप्फुसांकडे रक्त ढकलतं तेव्हा दाब सुमारे २५ मिमी पारा असतो, डाव्याला मात्र १२० पर्यंत जावं लागतं. मग व्हेना कावापासून (शरीरातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर) एओर्टापर्यंत (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) बोट फिरवत प्रत्येक झडपेचं नाव मोठ्याने म्हणायला लावावं. रंग इथेच चुकतात. फुप्फुसांकडे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेणारी पल्मनरी आर्टरी निळी आणि तिथून ऑक्सिजनयुक्त रक्त परत आणणाऱ्या चारही पल्मनरी व्हेन लाल असायला हव्यात. ज्या नगात आर्टरी म्हणून ती सरसकट लाल रंगवली आहे, तो वर्गात आणूच नये. एकदा चुकीचं पाठ झालेलं पुसायला फार वेळ लागतो.

भाग काढण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी छातीचा पुढचा भाग, मग फुप्फुसं, हृदय, यकृत, जठर, आतडी, आणि शेवटी स्वादुपिंड, किडनी, मूत्राशय. बसवताना नेमकं उलटं. आतडी आधी ठेवून मागून स्वादुपिंड सरकवायला गेलं की ते बसत नाही, मुलं जोर लावतात आणि भाग अडकवायची खुंटी तुटते. या टॉर्सोचा सर्वांत कच्चा भाग ही खुंटीच. लोहचुंबकाने चिकटणारे भाग मिळत असतील तर थोडे जास्त पैसे मोजावेत. खुंट्यांचाच घेतला तर जादा खुंट्या ऑर्डरमध्येच लिहून घ्याव्यात, नंतर त्या मिळवताना नाकी नऊ येतात.

मॉडेलची खरी मर्यादा मात्र दुसरीच आहे, आणि ट्यूटरने ती पहिल्याच तासाला सांगायला हवी. भाग सुटे व्हावेत म्हणून फुप्फुस आणि बरगड्या यांच्यात चांगली बोटभर फट ठेवलेली असते. खऱ्या छातीत तशी फट नसते. प्लुराचे (फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचे) दोन थर एकमेकांना लागून असतात, मध्ये द्रवाचा फक्त पातळसा थर, आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. श्वास घेताना छातीच्या भिंतीमागोमाग फुप्फुस ओढलं जातं ते या दाबामुळे. टॉर्सोवर शिकलेल्या मुलींना प्लुरामध्ये आधीपासूनच हवा भरलेली वाटते. मग न्यूमोथोरॅक्समध्ये (प्लुरात हवा शिरल्यावर) फुप्फुस का मिटतं, आणि छातीतली हवा काढणाऱ्या नळीची बाटली पाण्याच्या सीलसह (नळीचं टोक पाण्याखाली, म्हणजे हवा परत शिरत नाही) रुग्णाच्या छातीच्या खालीच का ठेवायची, हे त्यांच्या गळी उतरत नाही. ओल्या केलेल्या दोन काचपट्ट्या एकमेकींवर ठेवून त्या सरकतात पण सरळ उचलून वेगळ्या होत नाहीत, एवढं दाखवलं तरी बरंच काम होतं.

पोटातही तेच. ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि मेसेंटरी (आतडी पोटाच्या मागच्या भिंतीला धरून ठेवणारी घडी) गाळलेली असतात, त्यामुळे आतडी एखाद्या ठोकळ्यासारखी उचलली जातात. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाची (पेरिटोनियमची) सूज, शिकवताना हे चित्र आड येतं. पेरिटोनियमचा वेगळा तक्ता भिंतीवर हवाच.

या टॉर्सोवर इंजेक्शनच्या जागा शिकवू नयेत. नितंबाचे स्नायू बहुतेक नगांत नसतात, सायॅटिक नर्व्हही (नितंबातून पायात जाणारी मोठी नस) नसते, आणि ग्रेटर ट्रोकॅन्टर (मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा) बोटाला लागेल असा नसतो. त्यासाठी नितंबाचं वेगळं मॉडेल घ्यावं. राइल्स ट्यूबचं (नाकातून जठरात घालायच्या नळीचं) माप मात्र यावर छान दाखवता येतं: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून झिफॉइडपर्यंत (छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक). झिफॉइड कोरलेला आहे ना, हे घेतानाच पाहावं. त्यानंतर तेच माप विद्यार्थ्यांनी एकमेकींवर टेपने घ्यावं, कारण प्रत्येक माणसाचं अंतर वेगळं.

भागांवरचे आकडे कोरलेले असावेत. स्टिकरचे आकडे पहिल्या वर्षातच गळतात. सोबतच्या यादीत नावांचं स्पेलिंग कधीकधी चुकलेलं असतं, म्हणून ती पाठ्यपुस्तकाशी ताडून दुरुस्त प्रत लॅमिनेट करून टॉर्सोजवळ लावावी. एका टॉर्सोभोवती आठ-दहा जणींपेक्षा जास्त नकोत. ६० जणींच्या वर्गाला एकच असेल तर मागे उभ्या असलेल्यांना फक्त डोकी दिसतात, अशा वेळी गट पाडून तास लावावेत.

निगा सोपी आहे, पण चुकते. स्पिरिटने पुसलं की रंग निघतो. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कापड आणि लगेच कोरडं करणं, एवढंच करावं. खिडकीतल्या उन्हात पीव्हीसी मऊ पडून वाकतं आणि मग यकृत आपल्या जागी बसत नाही. कोकणात आणि मुंबईत लोखंडी हुक पावसाळ्यात गंजतात, ते आधीच स्टीलचे मागावेत. तास संपला की भाग यादीप्रमाणे मोजावेत, कारण सर्वांत आधी हरवतो तो जननेंद्रियांचा न लावलेला दुसरा तुकडा. त्याला पेटीत ठरलेला कप्पा द्यावा.