मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड आणि कार्नौबा वॅक्सची डबी : काळ्या गाडीवर हाताने करून बघितलं

काळी गाडी घेऊ नको म्हणून घरातले सगळे सांगत होते पण मला काळीच पाहिजे होती. 2016 ची स्विफ्ट, निपाणीतून सेकंडहँड घेतली, इंजिन एकदम टकाटक, पण पेंट सावलीत काळा आणि उन्हात करडा दिसायचा. रात्री बॉनेटवर मोबाईलचा टॉर्च धरला की त्या उजेडाभोवती कोळ्याचं जाळं असावं तसे गोल गोल बारीक चरे. कोरड्या फडक्याने धूळ झाडत बसलं की हेच होतं, आणि आपल्याकडे जांबोटी खानापूरकडून आलेल्या गाडीवर लाल धूळ किती असते ते काय सांगायला नको.

आधी एका वॉशिंग सेंटरमध्ये टेफ्लॉन कोटिंग म्हणून अडीच हजार दिले. गाडी घेऊन बाहेर पडलो तेव्हा आरशासारखी होती, खोटं कशाला सांगू. पण दोन वॉश झाले आणि जाळं जसंच्या तसं परत, वर मशीन फिरवलेल्या खुणा आणखीन, ऊन तिरकं पडलं की लाटा लाटा दिसायच्या. चरे गेलेच नव्हते, तेलकट मालाने नुसते भरले होते. मला राग पैशाचा नाही आला एवढा, राग आला तो पेंट खाल्ल्याचा.

का ते सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) सेटर आहे, दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. गाडीचा कंपनीचा पेंट सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातला वरचा क्लिअर कोट, म्हणजे खरा जो चमकतो तो, 40-50 मायक्रॉनच्या आसपास, आपल्या केसापेक्षा पातळ. त्यातलं जे घासून गेलं ते गेलं, परत भरून येत नाही. हे कळल्यावर मशीनवाल्याच्या हातात गाडी द्यायचं धाडसच होईना (चांगले कारागीर आहेतच, ते आधी पेंटची जाडी मोजतात, पण मला त्यावेळी कोण माहीत नव्हता). म्हणून ठरवलं की वेळ लागला तर लागू दे, आपण हातानेच करायचं.

सामान असं घेतलं. मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड, म्हणजे पेंट बारीक घासून चरे काढणारं पॉलिश, 450 मिलीची बाटली, मला दीड हजाराच्या आसपास पडली. कार्नौबा पेस्ट वॅक्सची एक साधी डबी, ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळते ती, पाचशेच्या आत. एक क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), फोमचे चार पॅड, आणि मायक्रोफायबर भरपूर, त्यात कंजुषी करू नका.

क्ले बारबद्दल जरा जास्त लिहितो कारण तो कोणच करत नाही आणि माझ्या मते अर्धं काम तिथंच होतं. आमच्या शॉपच्या बाजूला फाउंड्री आहे, तिथं फेटलिंगचं, म्हणजे ओतलेल्या लोखंडाच्या कडा साफ करायचं, ग्राइंडिंग चालू असतं आणि त्याची लोखंडी भुकटी उडून गाडीवर बसते, गरम कण असल्यामुळे पेंटमध्ये रुततो आणि पाऊस लागला की गंजतो. मला वाटायचं धूळच आहे, धुतली की जाईल. जात नाही ओ. गाडी धुऊन पुसून झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून अलगद बोटं फिरवा, उघड्या हाताला गुळगुळीत लागतं ते पिशवीतून पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. माझ्या बॉनेटवर आणि छतावर तर खसखस पेरल्यासारखं लागत होतं, जवळून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके. शाम्पूचं पाणी भरपूर मारत क्ले सरळ रेषेत फिरवला, दाब न देता. पहिल्यांदा खर्र खर्र आवाज येतो, दहा बारा वेळा फिरवलं की आवाज बंद होतो आणि क्ले आपोआप सरकायला लागतो. निळा क्ले होता, एका दरवाजातच तपकिरी झाला. सारखा दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची, आणि खाली पडला तर सरळ टाकून द्यायचा, कितीही जीवावर आलं तरी. त्यातला एक वाळूचा कण नवीन चरे पाडतो.

आता कंपाउंड. ही कंपनी 1901 पासूनची, सुरुवात लाकडी फर्निचरच्या पॉलिशने केलेली, आणि माल खरंच चांगला आहे. पॅडवर रुपयाएवढे तीन चार ठिपके, दीड दोन फुटाचा चौकोन, पहिल्यांदा जरा दाबून आडवं उभं घासायचं मग दाब कमी करत आणायचा, पुसून टॉर्चने बघायचं, पाहिजे तर परत. आधी डिकीच्या खालच्या कोपऱ्यावर करून बघितलं. लवकर सुकत नाही आणि पांढरी भुकटी फारशी उडत नाही, हे हाताने करणाऱ्याला फार सोयीचं आहे. बॉनेटला मला अडीच तास लागले, पूर्ण गाडीला चार रविवार, खांदे भरून आले. पण जाळं गेलं. म्हणजे अगदी शंभर टक्के नाही, नखाने चाचपल्यावर नख अडकतं असे दोन चरे तसेच आहेत आणि ते कंपाउंडने जाणारच नाहीत, जायला लागले म्हणजे क्लिअर कोट संपला समजा. बॉनेटच्या कडा आणि दरवाजावरची उभारलेली रेघ यांच्यावर मास्किंग टेप लावून घ्या, तिथं पेंट पातळ असतो.

वॅक्सबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. आमच्या शॉपमधले मामा, जुन्या लेथवरचा माणूस, मला म्हणाले, "काय ओ, एवढं घासत बसला, डायरेक वॅक्स मारायचा की!" मी म्हटलं मामा, फिनिश नसलेल्या मशीनवरच्या जॉबला तेल चोपडलं की पण चकाकतो, पुसल्यावर काय राहतं? ते हसले, पण पटलं त्यांना. चमक येते ती कंपाउंडने पृष्ठभाग सपाट झाल्यावर, वॅक्स फक्त ती राखतो आणि काळ्या रंगाला थोडी खोली देतो.

कार्नौबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, 80 अंशाच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, नुसतं असेल तर दगडासारखं कडक, म्हणून डबीत तेल आणि सॉल्व्हंट घालून मऊ केलेलं असतं. लावायचा तो अगदी पातळ, इथंच सगळे चुकतात, मी पण पहिल्या दरवाजाला जाडच लावला आणि पुसता पुसता घाम फुटला. धुरकट झाला की बोट फिरवून बघायचं, बोटाखालचा काळा रंग स्वच्छ दिसला तर पुसायचा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड पाहिजे. काळ्या प्लॅस्टिकला लागला तर पांढरे डाग पडतात, तिथं पण टेप. डबीबरोबर आलेला स्पंज एकदम बेकार निघाला, दुसऱ्या दरवाजाला तुकडे पडायला लागले, फोमचा पॅडच वापरा.

किती टिकतो? दिवाळीनंतर लावला होता. ऊस चालू झाल्यावर चिकोडी संकेश्वरकडे जाणं येणं, ट्रॅक्टरच्या मागची माती, दर आठवड्याला वॉश, एवढ्यात बॉनेटवर दोन महिने पाणी मोत्यासारखं थांबत होतं, नंतर थेंब पसरट व्हायला लागले. दरवाजांवर अजून थोडं जास्त. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे संपता संपता, दुसरा हात मारला. जून जुलैमध्ये नाही जमत, हवा एवढी ओली की वॅक्स सुकतच नाही.

धुताना दोन बादल्या, एक शाम्पूची, एक हातातलं फडकं खळबळायची. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, पांढरे ठिपके पडले की काळ्या गाडीवर महिनाभर डोळ्यात खुपतात.

बाटलीत निम्म्यापेक्षा कमी कंपाउंड अजून शिल्लक आहे. वर्षभर हात लावलेला नाही त्याला, फक्त वॅक्सवर चालू आहे.