मेंढीकोटचं ऑनलाइन ॲप: पिसणं चोख, पण टेबलावरच्या चोरांचं काय?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात मेंढीकोट हा चौघांचा पत्त्यांचा खेळ येत नाही असा माणूस सापडणं अवघड. गणपतीत मंडपात रात्रीची राखण असू दे नाहीतर लग्नघरची आदली रात्र असू दे, चौघं जमले की पत्ते निघतातच. आता आमच्यातला एक पुण्याला, एक गोव्यात वेर्ण्याला कंपनीत, एक खानापुरात आणि मी इथं शहापुरात, चौघांनी एका सतरंजीवर बसायचं म्हणजे सणाची वाट बघायची, म्हणून मोबाईलवरचं एक मेंढीकोटचं ॲप घेतलं आणि बरेच महिने खेळून झाल्यावर हे लिहितोय. ॲपचं नाव टाकत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते पत्त्यांच्या कुठल्याही ॲपला लावून बघता येतंय आणि बघावंच.

पैशाचा खेळ नाही हे आधी सांगतो. २०२१ च्या ऑक्टोबरात कर्नाटकानं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा इथं लोकेशन कर्नाटक दिसलं की रमीची ॲप उघडत नव्हती आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलं की तीच ॲप सुरू, तेवढ्यासाठी गाडी काढून जाणारी पोरं आम्ही बघितलीत. मग १४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं ती दुरुस्ती रद्द केली, परत सगळं सुरू झालं, आणि शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचाच कायदा झाला, पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद नाहीतर १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मोठ्या कंपन्यांनी पैशाची टेबलं उचलली. घरं बसलीत लोकांची त्या रमीत, बंद झालं ते बरंच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. तर ह्या ॲपात फक्त कॉइन. कॉइन विकत मिळतात, पण कॉइनचे परत पैसे होत नाहीत. तरीपण फसवाफसवी आहेच. वरच्या नंबरात नाव यावं म्हणून लोक करतात, आणि भरपूर कॉइन असलेलं अकाउंट व्हॉट्सॲपवर विकायला ठेवणारेही आहेत.

चांगलं काय ते पटकन सांगतो. मराठी आहे, कन्नडही आहे, पानं मोठी दिसतात त्यामुळं आमच्या काकांना चष्म्याशिवायही चालतंय. कट हुकूम (उतारीचा रंग नसलेला पहिल्यांदा जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम) आणि बंद हुकूम (आधीच एक पान झाकून ठरवलेला) दोन्ही प्रकार आहेत. खानापूरच्या पुढं जंगलातल्या गावांत रेंज गेली तरी डाव लगेच जात नाही, थोडा वेळ थांबून राहतंय. जाहिराती मात्र डावाच्या मधोमध येत नाहीत पण डाव संपला की सुटका नाही.

आता मुद्द्यावर येतो. ह्या ॲपच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की आमची पानं पिसायची पद्धत बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतलीय. चांगली गोष्ट आहे, आणि किरकोळ अजिबात नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीच्या लोकांनी एका ऑनलाइन पोकरचं पिसणं पार उघडं पाडलं होतं. ५२ पानं जितक्या प्रकारे लागू शकतात तो आकडा ६८ अंकी आहे, पण ते सॉफ्टवेअर पिसताना सुरुवातीचा आकडा घ्यायचं घड्याळावरून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून, आणि दिवसात मिलिसेकंद असतात फक्त ८ कोटी ६४ लाख. त्यांनी सर्व्हरच्या घड्याळाशी घड्याळ जुळवलं तर शक्यता २ लाखांच्या आसपास उरल्या, मग हातातली दोन आणि टेबलावरची तीन पानं दिसली की बाकी सगळ्यांची पानं त्यांचा प्रोग्राम सांगायचा. आणि गंमत म्हणजे पिसायची पद्धत कंपनीनंच लोकांचा विश्वास बसावा म्हणून जाहीर केली होती, त्यामुळं हे सापडलं. म्हणजे उघडं ठेवलं म्हणून चूक कळली, झाकून ठेवलं असतं तर वर्षानुवर्षं कुणीतरी गपचूप खात बसलं असतं.

पण पिसणं चोख असलं म्हणून खेळ चोख होत नाही गा. सर्टिफिकेट पिसण्याचं असतंय. टेबलावर समोरासमोर बसलेले दोघं भिडू बाजूला फोन लावून "माझ्याकडं एक्का हाय, टाक दश्शी" म्हणत असतील तर त्या सर्टिफिकेटाचा काय उपयोग? मेंढीकोटमधे तर हे सगळ्यात सोपं, कारण चौघांत दोघं दोघं भिडू, आणि सगळा खेळ चार दश्श्यांवर, त्यांनाच मेंढ्या म्हणतात. तीन मेंढ्या ओढल्या की डाव तुमचा, चारही ओढल्या की कोट. आपल्या भिडूकडं काय आहे ह्याचा अंदाज बांधणं हाच खेळ आहे, आणि तेच फोनवर कळलं तर उरलं काय.

एक डाव सांगतो, पब्लिक टेबलवरचा, मी आणि खानापूरचा मित्र भिडू. कट हुकूम होता, हुकूम अजून ठरला नव्हता. उतारी मित्राची, चौकटची पंजी. चौकटचा हा पहिलाच हात, म्हणजे एक्का, राजा, राणी, गुलाम कुणाकडं आहे कुणालाच माहीत नाही. माझ्या डावीकडच्यानं, म्हणजे दुसऱ्याच नंबरला, सरळ चौकटची दश्शी टाकली. मी राणी टाकली. उजवीकडच्यानं एक्का टाकून हात उचलला, मेंढी गेली. आता एकच चौकट असेल तर बिचारा काय करणार, टाकावीच लागते, म्हणून मी डाव संपल्यावर हिस्ट्री उघडून बघितलं, तर त्याच्या हातात चौकटची सत्ती पण होती आणि चौकी पण होती! सत्ती हातात ठेवून कोण दुसऱ्या नंबरला दश्शी फेकतंय? शहापुरातलं शेंबडं पोर पण फेकणार नाही. एक डाव म्हटलं तर सोडून दिलं असतं, पण त्याच जोडीचे आम्हाला दिसत होते ते सगळे डाव काढून बघितले तर मेंढी कायम त्याच हातात पडत होती जिथं भिडूकडं सगळ्यात मोठं पान आहे, आणि भिडूकडं नसलं की मेंढी शेवटपर्यंत हातात दाबून ठेवलेली. शिवाय टेबल म्हणे ॲप स्वतः मनाला येईल तसं जुळवतंय, तरी हे दोघं दर वेळी एकत्रच आणि समोरासमोरच बसलेले.

आम्ही तक्रार केली. स्क्रीनशॉट लावले, कुठल्या डावात काय झालं ते एकेक लिहून दिलं, माझ्या मित्रानं तर संध्याकाळ घालवली त्याच्यावर. उत्तर काय आलं? पानं पिसण्याचं सर्टिफिकेट. आमचा खेळ पूर्णपणे निःपक्षपाती आहे, सोबत प्रमाणपत्र जोडलंय, धन्यवाद. आम्ही विचारलं काय आणि सांगितलं काय! परत लिहिलं की पिसण्याबद्दल आमची तक्रारच नाही, ह्या दोन अकाउंटचं बघा, तर पुन्हा तेच उत्तर, फक्त खाली तारीख वेगळी. राग पत्ते हरल्याचा नाही येत, हरायला आम्हाला लहानपणापासून येतंय, राग येतोय तो समोरचा वाचतच नाही ह्याचा.

आणि त्यांना हे शोधणं अवघड आहे असंही नाही. कुठलं अकाउंट कुठल्या फोनवर, कुठल्या इंटरनेटवर चालतंय, कोण कुणाबरोबर कितीदा बसलंय, दोघं एकत्र असले की किती जिंकतात आणि वेगवेगळे असले की किती, हे सगळं सर्व्हरवर पडलेलं असतंय. आम्हाला चार-सहा डावांत जे डोळ्यांना दिसलं ते त्यांना सगळ्या डावांवरून काढता येईल. काढायची इच्छा पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं हे आहे की ॲप घेताना सर्टिफिकेट नंतर बघा, आधी हिस्ट्री बघा. संपलेल्या डावाची चौघांची सगळी पानं, कोण कुठल्या नंबरला काय खेळलं, हे दिसतंय का? एक मोठी चोरी अशीच पकडलीय. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर नावाच्या साइटवर पोटरिपर नावाचं एक अकाउंट एका स्पर्धेत असं खेळलं की जसं सगळ्यांची पानं उघडी दिसतायत. लोकांनी बोंब मारली, कंपनी म्हणाली असं होऊच शकत नाही. मग दुसऱ्या नंबरला आलेल्या खेळाडूनं आपल्या डावांची हिस्ट्री मागितली आणि कंपनीकडून चुकून सगळ्यांच्या झाकलेल्या पानांसकट पूर्ण फाइल गेली, त्यात नुसतं बघत बसलेलं एक अकाउंट पण दिसलं, आणि तिथून धागा धरत लोकांनी कंपनीच्या आतपर्यंत नेला. शेवटी कंपनीला कबूल करावं लागलं की आतल्याच माणसाचं काम आहे, आणि कॅनडातल्या कानावाके गेमिंग कमिशननं ५ लाख डॉलरचा दंड लावला. चुकून गेलेली एक फाइल! तीच फाइल रीतसर, प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक डावानंतर मिळायला काय हरकत आहे? डाव संपलाय, पानं झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. ह्या ॲपात हिस्ट्री आहे ही त्यांची मोठी जमेची बाजू, पण शेवटचे थोडेच डाव दिसतात, जुने पुसून जातात, आणि तक्रार करेपर्यंत पुरावाच राहत नाही.

बॉटचं पण सांगायला पाहिजे. दुपारी टेबलवर माणसं कमी असतात तेव्हा ॲप स्वतःच कंप्युटरचा खेळाडू बसवतंय. बसवा की, चौथा भिडू नसल्यावर आम्ही घरी पण कुणालातरी ओढून बसवतोच, पण त्याच्यापुढं तसं लिहा. इथं माणसाचं नाव, माणसाचा फोटो, आणि कायम ठरल्यासारखं तेवढ्याच सेकंदात पान टाकणार, एकदा पण रेंज जाणार नाही, एकदा पण चहा प्यायला उठणार नाही. आजचे पत्ते खेळणारे प्रोग्राम कच्चे नसतात हेही ध्यानात घ्या. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या लोकांनी २०१९ मध्ये प्लुरिबस नावाचा प्रोग्राम केला, त्यानं सहा जणांच्या पोकरमधे जगातल्या तगड्या खेळाडूंना हरवलं. मेंढीकोटला एवढं नको, तेरा हातांत कुठली पानं गेली हे न चुकता लक्षात ठेवलं तरी तो आपल्या पुढं जातोय. समोर यंत्र आहे का माणूस, हे खेळणाऱ्याला कळलंच पाहिजे.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते. टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर लिंक फिरतात की हे मॉड ॲप, म्हणजे मूळ ॲपात फेरफार करून बनवलेलं ॲप, टाका, सगळ्यांची पानं दिसतील. दिसत नाहीत. आमच्यातला पुण्याचा पोरगा कंप्युटरचाच शिकलेला, त्यानं आमच्याच टेबलवर आपल्या फोनवर काय काय येतंय ते तपासलं, तर सर्व्हर प्रत्येकाच्या फोनवर फक्त त्याचीच तेरा पानं पाठवतोय, बाकीची येतच नाहीत तर दाखवणार कुठून. मग ती मॉड ॲप करतात काय? टाकतानाच मेसेज वाचायची परवानगी मागतात, ॲक्सेसिबिलिटी चालू करा म्हणतात, आणि एकदा ती दिली की तुमचे ओटीपी वाचता येतात, स्क्रीन चालवता येते. आमच्या बाजूच्या गल्लीत एका कॉलेजच्या पोरानं असलंच एक टाकलं वडिलांच्या फोनवर आणि बापाच्या खात्यातनं पैसे गेले, बाप हमालीवर घर चालवतोय. कुणाबरोबर असं झालं तर लाजून घरात लपवून ठेवू नका, लगेच १९३० ला फोन करा, जेवढ्या लवकर कराल तेवढी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त, आणि बँकेला त्याच वेळी कळवा.

आमचं आता असं आहे की पब्लिक टेबलवर जात नाही. प्रायव्हेट टेबल उघडतो, कोड चौघांच्या ग्रुपवर टाकतो, आणि कॉल चौघांचा एकत्रच लावतो म्हणजे जे बोलायचं ते सगळ्यांच्या कानावर. असं खेळलं तर हे ॲप खरंच छान आहे, पुण्याचा तिकडून ओरडतोय "मेंढी सोड की रे", गोव्याचा हसतोय, रविवारी रात्री मजा येते. प्रायव्हेट टेबलला माझ्याकडनं ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो जाहिरातींसाठी. पब्लिक टेबलला १, तो पण नुसत्या हिस्ट्रीच्या बटनासाठी. ती जोडी अजून वरच्या नंबरात आहे, परवाच बघितलं. कंपनीचं कुणी वाचत असेल तर जुने डाव निदान महिनाभर ठेवा, बॉटपुढं बॉट लिहा, आणि तक्रारीला माणूस बसवा, मेंढीकोट येणारा.