‘गाठ विरघळवणाऱ्या’ पुड्यांनी आक्काचा जीव जायची वेळ आणली

‘डोक्यातील गाठ ऑपरेशनशिवाय विरघळवून मिळेल’ अशी पाटी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागे, अजूनही लागलेली आहे. तिथे माझ्या मोठ्या बहिणीचे, आक्काचे, एक लाख चाळीस हजार रुपये गेले. पैसे गेले ते गेले, पण त्या माणसाच्या पुड्यांनी ती मरता मरता वाचली. तुमच्या गावात कुणाला पीयूष ग्रंथीची गाठ निघाली असेल तर हे त्यांना वाचून दाखवा.

आक्काची पाळी बंद झाली तेव्हा ती तोडीवर होती. ऊसतोडीच्या टोळीत पाळी थांबली तर कुणी दवाखाना गाठत नाही. पाळीच्या त्रासापायी गर्भाशयच काढून टाकलेल्या आमच्याकडच्या बायकांबद्दल २०१९ मध्ये सगळ्या राज्याने ऐकलं आहे. पुढे अंगावर पिणारं लेकरू नसताना छातीतून दूध यायला लागलं. ते तिने लाजेपायी आईलाही सांगितलं नाही. डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची, एवढंच. शेवटी नजरेवर आलं. समोरचं नीट दिसायचं, दोन्ही बाजूंचं नाही. दारातून जाताना चौकटीला खांदा आपटायचा, ताटाशेजारचा तांब्या हात लागून कलंडायचा. जिल्ह्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढण्याऐवजी एमआरआय करायला लावला, हे त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पीयूष ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते, हरभऱ्याएवढी. डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी वरून जातात, म्हणून गाठ वर वाढली की बाजूची नजर जाते. आक्काची गाठ २६ मिलिमीटरची निघाली.

डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितलं. दोन दिवसांत दाजींना कुणीतरी या माणसाचा पत्ता दिला.

त्याने पांढरा कोट घातलेला होता, भिंतीवर दुसऱ्या रुग्णांच्या फिल्मा टांगलेल्या. पहिलं वाक्य त्याचं हे: “मुंबईला कवटी उघडतात. बाई आंधळी होऊन येते, नाहीतर येतच नाही.” दाजींचा चेहराच उतरला. मग त्याने भाव सांगितला. चाळीस हजार आगाऊ, पुढे महिन्याला दहा हजार. राखाडी रंगाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. पुडीवर नाव नाही, तारीख नाही, पैशांची पावती नाही. दुसरं कुठलंही औषध घेतलं तर गुण येणार नाही, अशी ताकीद वर.

आणि गुण आला. आठवड्याभरात आक्काला भूक लागायला लागली, डोकेदुखी उतरली, ती उठून भाकरी थापायला बसली. सगळी फसवणूक या बरं वाटण्यातच आहे, म्हणून नीट सांगतो. गाठीच्या दाबाने ग्रंथी दबली की शरीराला लागणारं कॉर्टिसोल कमी पडतं. माणूस गळून जातो, जेवण जात नाही. अशा वेळी पोटात स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध, गेलं की तरतरी येणारच. पण गाठ असते तिथेच असते आणि वाढत राहते. घरचे लोक डोळ्यांनी सुधारणा बघत असतात. अशा वेळी कुणी कितीही समजावलं तरी कोण ऐकेल?

मध्ये त्याने पुन्हा फिल्म काढून आणायला लावली. जुनी आणि नवी फिल्म खिडकीला धरून, खिशातली पट्टी लावून दाखवलं: “बघा, अर्धी झाली.” फिल्मवर चित्र लहान-मोठं कसंही छापता येतं. गाठीचं माप अहवालात मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, तेच खरं. तो अहवाल त्याने उघडलाच नाही. त्यात २९ मिलिमीटर लिहिलेलं होतं.

तोवर आक्काचा चेहरा गोल सुजला होता, पोटावर जांभळे पट्टे उमटले होते. तो म्हणाला, अंग भरतंय. पुढच्या महिन्याचे पैसे जमले नाहीत आणि पुड्या थांबल्या. त्यानंतर तिला उलट्या सुरू झाल्या, बीपी लागेना, शुद्ध हरपत चालली. जिल्हा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी तोंड आणि पोट बघून लगेच विचारलं, “कुठली पूड-बिड चालू होती का?” सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर ती परत आली. बाहेरून महिनोन्‌महिने स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. मग ते एकदम तुटलं तर माणूस जातो.

पुढे परळच्या केईएमला नेलं. तिथे ग्रंथींच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. त्यांनी रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, तपासलं. बाईत ते साधारण २५ च्या आत असतं, आक्काचं दोन हजारांच्या वर होतं. म्हणजे ही गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी. अशा बहुतेक गाठींवर पहिला उपचार ऑपरेशन नसतोच, गोळ्या असतात. कॅबरगोलीन, आठवड्यातून दोनदा. काही आठवड्यांत बाजूचं दिसायला लागलं. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ आकसलेली होती, या वेळी अहवालात. जिला कवटी उघडण्याची भीती घालून लुटलं, तिला चिरा द्यायची गरजच नव्हती!

ज्यांची बोटं जाड होतात, अंगठी निघत नाही, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, त्यांची गाठ वेगळी. तिथे बहुधा ऑपरेशन लागतं, पण तेही सहसा नाकातून दुर्बिणीने करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड घेऊन थेट त्यांच्याकडे जा. योजनेचा फोन १५५३८८. योजनेत नाव घालतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

गाठ बरी करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या ‘औषधे व जादूचे उपाय’ कायद्याने बंदी आहे. उरलेल्या पुड्या आणि पाटीचा फोटो आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिला आहे. दाजींच्या मोबाइलवर पैसे पाठवल्याच्या नोंदी आहेत, त्याही जोडल्या. पहिली फिल्म मात्र त्याने ठेवून घेतली आणि आता नाही म्हणतो. मूळ कागद कुणाच्या हाती ठेवू नका.

त्याच्याकडची किंवा तसलीच पूड घरात कुणाला चालू असेल तर हे वाचून ती आज अचानक बंद करू नका. पुडी सोबत घ्या आणि आजच जिल्हा रुग्णालय गाठा. किती दिवस चालू आहे ते न लपवता सांगा, म्हणजे स्टेरॉइड हळूहळू कसं उतरवायचं ते डॉक्टर ठरवतील.