पाणी वाकलेलं, कार्बन डायऑक्साइड सरळ

नागपुरात मे महिन्यात कूलरमध्ये पाणी ओतताना किंवा सीताबर्डीवर सोडा पिताना मला हे दोन रेणू आठवतातच. दोन्हींत अणू तीनच. कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनवर एकाकी जोडी, म्हणजे बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, नाही. दोन दुहेरी बंध एकमेकांपासून शक्य तितके लांब सरतात, कोन १८० अंश.

पाण्यात खरी गंमत आहे. ऑक्सिजनवर बंधाच्या दोन जोड्या, एकाकी दोन. चारही सारख्या असत्या तर कोन १०९.५ अंश झाला असता. पण एकाकी जोड्यांवर एकाच केंद्रकाची ओढ असते, त्या पसरून जास्त जागा अडवतात, बंधांना रेटतात, कोन १०४.५ वर येतो. या बाकामुळेच पाणी ध्रुवीय, म्हणजे रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतात. कूलरची हवा गार लागते ती त्यामुळे.