आठ चॅनेलचा यूएसबी लॉजिक ॲनालायझर: आयटूसीच्या दुखण्यावर कितपत कामाचा?

एका आयटूसी बसवर, म्हणजे अनेक चिप ज्या दोन सामायिक वायरींवरून कंट्रोलरशी बोलतात त्यांवर, तीन-चार सेन्सर जोडले की कधी ना कधी रीडिंग बिनसतातच. कोड उलटापालटा करून, वायरी बदलून काही हाती लागत नाही, कारण लाइनवर नेमकं काय चाललंय तेच दिसत नसतं. ते दिसावं म्हणून हा लॉजिक ॲनालायझर, म्हणजे लाइनवरचे ० आणि १ टिपून संगणकावर दाखवणारं यंत्र, घेतला. आठ चॅनेल, २४ मेगाहर्ट्‌झ सॅम्पलिंग, आत सायप्रेसची एफएक्स२ चिप. डबीवर कंपनीचं नाव नाही, पण मोफत मिळणाऱ्या पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरने तो लगेच ओळखला. एसडीए (डेटाची लाइन), एससीएल (क्लॉकची लाइन) आणि ग्राउंड जोडायचे, आयटूसीचा डिकोडर लावायचा, की प्रत्येक बाइट वाचता येतो.

पैसे वसूल झाले ते एका जोडीमुळे. डीएस३२३१ घड्याळ आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर एकाच बसवर होते. दोघांचाही मूळ पत्ता हेक्स ६८. बसवरचे पत्ते शोधणारा स्कॅनर प्रोग्राम एकच पत्ता दाखवत होता आणि वेळ भलतीच येत होती. ॲनालायझरच्या नोंदीत पत्ता, एसीके (‘मिळालं’ ही पोच), डेटा सगळं सुरळीत, एनएसीके (पोच न मिळणं) औषधालाही नाही! मग घड्याळ एकटं ठेवून घेतलेली नोंद शेजारी लावली आणि उलगडा झाला. काही बिट्समधले १ गळाले होते. आयटूसीत प्रत्येक चिप लाइन फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं. दोघं एकदम बोलले की एकाचाही ० असला तरी लाइनवर ०च उरतो. एमपीयूची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली, त्याचा पत्ता ६९ झाला, घड्याळ सुधारलं.

वाचन अर्धवट असताना कंट्रोलर रीसेट झाला की एखादा सेन्सर एसडीए खाली धरून बसतो. तेही इथे लगेच कळतं: एससीएल वर, एसडीए सपाट खाली. नऊ क्लॉक पल्स दिले की बहुतेकदा सुटतो.

मात्र या यंत्राला ० आणि १ एवढंच कळतं, आणि ही मर्यादा मोठी आहे. वायरी लांबल्या, बसची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या पुढे गेली की सिग्नल रेंगाळत वर चढतो. ॲनालायझरवर मात्र चौकोनी, देखणी लाट दिसते. पुल-अपचंही तेच. चार मॉड्यूलवर प्रत्येकी ४.७ किलोओम असतील तर मिळून १.२ किलोओमच्या आसपास उरतात. ५ व्होल्टच्या बसवर चिपला ३ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट ओढावा लागतो आणि लाइन पुरती खाली येईलच असं नाही. असल्या दुखण्याला व्होल्टेजचा खरा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोपच हवा.

सोबतच्या वायरी ढिल्या आहेत, हुकवाल्या क्लिपा वेगळ्या घ्या. १०० किलोहर्ट्‌झच्या बसला २ मेगाहर्ट्‌झ सॅम्पलिंग भरपूर होतं. २४ वर यूएसबी हबमधून नोंद मध्येच तुटते. आणि ५ व्होल्टपेक्षा जास्त असलेल्या लाइनला याला लावू नका.