एक रुपयाही भरायचा नव्हता

नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले की समजायचं फसवणूक आहे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर फसले. माझ्याकडे आधी कुणी पैसे मागितलेच नाहीत.

बी.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं होतं. सांगलीत दोन मुलाखती दिल्या, दोन्हीकडे 'कळवतो' म्हणाले. एका जॉब पोर्टलवर बायोडेटा टाकून ठेवला होता, त्यावरून एप्रिलमध्ये फोन आला. घरबसल्या डेटा एंट्री, सहा दिवसांत ६०० फॉर्म, फॉर्ममागे ३० रुपये. 'रजिस्ट्रेशन फी बिलकुल नहीं है मॅडम,' बाई दोनदा म्हणाली. फक्त आधार, फोटो आणि सही पाठवायची. स्टँप पेपरवरचं आठ पानी इंग्रजी अ‍ॅग्रीमेंट आलं. मी थेट शेवटच्या पानावर सही केली. ९० टक्के अचूकता नसेल तर ६,५०० रुपये 'सर्व्हिस चार्ज', हे पाचव्या पानावर होतं.

आता फॉर्म कसे होते ते सांगते, कारण खरी गोम तिथंच आहे. एका चित्रात करड्या, पुसट अक्षरांत नाव, पत्ता, कर्जाचा नंबर. जसंच्या तसं टाइप करायचं. इंग्रजी मोठा आय आणि छोटा एल हुबेहूब सारखे, शून्य की ओ ते कळायचं नाही, मध्ये स्पेस एक की दोन तेही नाही. रात्री दोन-दोनपर्यंत बसायचे. आई म्हणायची, "डोळं घालवून बसशील." सहाव्या दिवशी रात्री दहानंतर त्यांची साइटच उघडेना. माझे ५४० झाले होते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, अचूकता ७१ टक्के. चुका कुठल्या ते दाखवायला तयार नाहीत. दुपारी 'वकीलसाहेबांचा' फोन. नोटीस निघालीय, संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर कागद आला, वर अशोकस्तंभ, खाली लाल शिक्का आणि मधे आण्णांचं पूर्ण नाव, गावासकट. आधारवरूनच उचललेलं, पण तेव्हा ते सुचतंय कुठं? आण्णा बेदाण्याच्या शेडवर होते. ते यायच्या आत मी ६,५०० यूपीआयनं पाठवले. समोर नाव कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. दिसलं, तरी बटण दाबलं.

तीन दिवसांनी परत फोन, आता 'एनओसी'चे, म्हणजे ना हरकत दाखल्याचे, ४,८०० हवेत. मग मात्र मामाला सांगितलं. तो तासगावात एका वकिलांकडे कारकून आहे. कागद बघून म्हणाला, "ह्यात केस नंबर कुठाय गं? आणि 'डिस्ट्रिक्ट हायकोर्ट' कुठल्या गावाला असतंय?" साधा करार मोडला तर तो दिवाणी मामला, त्यासाठी कुणी पोलीस घेऊन दारात येत नाही, हे त्यानं तेव्हा सांगितलं. माझ्या खोलीत हे चार दिवस आधी कुणी बोललं असतं तर!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. पैसे तोवर पुढं गेले होते. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात रक्कम अडवता येते, चौथ्या दिवशी अडवायला फारसं काही उरत नाही. तुम्ही अशी सही करून बसला असाल तर पैसे पाठवू नका. चॅट, कागद, नंबर जपून ठेवा आणि आज रात्रीच घरात कुणाला तरी सांगा. मी लाजेपायी थांबले, त्यांचा धंदा त्या लाजेवरच चालतो.

आधारची प्रत अजून त्यांच्याकडे आहे, ते खुपतं. बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून टाकलंय. शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवरून फुकट काढता येतं, हेही मला मामानंच दाखवलं.