ॲडापलीन जेल, आठ महिन्यांनंतर: औषध पास, ट्यूब नापास

हे लिहायला बसलो होतो मे महिन्यात, आणि ते फक्त शिव्या घालायला. १३ मेच्या रात्री माझी ॲडापलीनची, म्हणजे पिंपल्सच्या औषधाची, तिसरी ट्यूब मधोमध फुटली. झाकण घट्ट, शेपूट नीट गुंडाळलेलं, आणि पोटाला बारीक चीर पडून जेल सगळं अंगठ्यावर. त्यातून उन्हाळा. वरची खोली पत्र्याची, दिवसा पारा ४३ च्या पुढे. जेल कसलं, ताकासारखं पातळ झालेलं. तळहातावरून मनगटापर्यंत गेलं. जेवढं बोटानं गोळा झालं तेवढं तोंडाला लावलं, उरलेलं मानेला लावलं, आणि झोप आली नाही म्हणून फोनवर लिहायला घेतलं.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. ट्यूब उघडली की तिच्यावर मार्करनं तारीख टाकायची, ही सवय तिथलीच. पहिली १० नोव्हेंबर ते २० जानेवारी, ७१ दिवस (मध्ये खाडे आहेत, सांगतो पुढे). दुसरी २२ मार्चपर्यंत, ६१ दिवस. तिसरीला साठ धरले होते, ५२ व्या रात्री फुटली. आठ रात्री बुडाल्या. १५ ग्रॅमची ट्यूब मला अडीचशेच्या आत पडते, म्हणजे रात्रीला चार रुपये. बत्तीस रुपये गेले. हसू नका. बत्तीस रुपयांत आमच्याकडे दोघांचा चहा आणि वर एक भजी प्लेट होते.

आता मुद्द्याचं. ०.१ टक्का ॲडापलीन काय असतं, हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच. अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं, रात्री लावायचं, फोडासाठीचं. माझं वय २९, आणि फोड कॉलेजपासून. गालावर कमी, हनुवटीखाली आणि कपाळावर जास्त.

मी इथवर पोचलो ते उलट्या रस्त्यानं. गेल्या वर्षी एका मेडिकलमध्ये नुसतं "पिंपल्ससाठी काहीतरी द्या" म्हणालो आणि काउंटरवरच्या पोरानं एक क्रीम हातात ठेवलं. तीन आठवड्यांत तोंड असं उजळलं की कारखान्यात दोघांनी नाव विचारून घेतलं. पाच महिने लावलं. मग एक दिवस ट्यूब संपली, दोन दिवस आणायला जमलं नाही, आणि चौथ्या दिवशी तोंड पेटलं. लाल, खाज, बारीक बारीक एकसारखे फोड. त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी रिकामी ट्यूब उलटी करून मागचं वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड. मूळ हे मिश्रण वांगाच्या डागांसाठी, तेही थोडे दिवस आणि डॉक्टरच्या नजरेखाली. इथे लोक ते गोरं व्हायला वर्षानुवर्षं फासतात. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारखे आठवड्याला किती येतात, मोजणं सोडलंय मी." ज्या दोघांनी नाव विचारलं होतं त्यांना दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं. एकानं ऐकलं.

ते तोंड शांत व्हायला दोन महिने गेले. मग ॲडापलीन सुरू. मॅडमच्या सूचना तीनच. वाटाण्याएवढं घ्यायचं, पूर्ण चेहऱ्याला लावायचं, आणि "तीन महिने सुधारणा दिसत नाही म्हणून माझ्याकडे यायचं नाही. आग झाली तर या."

वाटाण्याएवढं म्हणजे कोणता वाटाणा, हे कुणी सांगत नाही. मी पहिला महिना मटारचा दाणा डोळ्यांसमोर ठेवून घेत होतो. तेवढ्यात दोन चेहरे होतात. खरा अंदाज म्हणजे उसळीचा वाटाणा, तोही न भिजवलेला. तो कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असा पाच टिपक्यांत वाटायचा आणि पसरायचा. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीची घडी आणि ओठांचे कोपरे सोडून. तोंड धुतल्यावर वीस मिनिटं थांबायचं, ओल्या कातडीवर जास्त झोंबतं.

आणि फोडावर टिपका लावून उपयोग नाही, हे समजायला मला वेळ लागला. छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी चिकटून बूच बसतं, तिथून फोडाची सुरुवात. ते बूच फोड दिसायच्या कितीतरी आठवडे आधी आत तयार असतं. हे औषध बूच बसू देत नाही. म्हणजे आजच्या फोडासाठी ते लावायचंच नसतं, दिवाळीत जो येणार त्याच्यासाठी आज लावायचं.

पहिले चार आठवडे एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात न्हाव्याकडे दाढी करायला गेलो. त्यानं नेहमीप्रमाणे शेवटी तुरटीचा खडा फिरवला. खुर्चीतून उठून बसलो. तो बिचारा वस्तरा लागला का म्हणून घाबरला. कातडी आधीच सोललेली, त्यावर तुरटी. तेव्हापासून दाढी घरी, आफ्टरशेव्ह बंद. त्यात महिन्याचे पैसेही वाचतात, ते या हिशेबात जमेला धरले पाहिजेत.

पाचव्या आठवड्यात अवस्था सुरुवातीपेक्षा वाईट. आत जे दडलेलं होतं ते सगळं एकदम वर आलं. कपाळावर तर मोजून अकरा. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "तोंडाला काय लावूलालास बे? बंद कर ते." आईनं बेसन-हळद कालवून वाटी पुढे ठेवली. बरेच जण इथेच सोडतात. मीही सोडलं असतं, पण अर्धी ट्यूब शिल्लक होती आणि पैसे दिलेले होते. माझ्या चिकाटीचं कारण एवढंच.

मग आला गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. बाराबंदी घालून सकाळपासून चालत होतो. घामानं ओघळून डोळ्यांत जातं म्हणून सनस्क्रीन लावलं नव्हतं. थंडीचंच ऊन, काय होणार? रात्री घरी आलो तर तोंड भाजल्या वांग्यासारखं. या औषधावर असताना कातडी उन्हाला नाजूक होते, हे मॅडमनी सांगितलं होतं, मीच कानाआड केलं. सहा रात्री जेल बंद, नुसतं व्हॅसलीन. मग पुन्हा एक दिवसाआड. ते खाडे ते हे.

खरा खर्च इथे आहे, आणि तो कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेला नसतो. औषध रात्रीला चार रुपये, पण दोन बोटांवर रेघ ओढून सनस्क्रीन लावायचं म्हटलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिन्या-सव्वा महिन्यात खलास. तिची किंमत औषधाच्या दुप्पट. सोलापुरात दुचाकीवर फिरायचं तर सुटका नाही. मी सनस्क्रीन लावून वर उपरणं गुंडाळतो. धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा मला ओळखलंच नव्हतं, गेट उघडेनात.

फेब्रुवारीच्या मध्यावर, म्हणजे तीन महिने उलटल्यावर, एकदा दाढी करताना जाणवलं की ब्लेड हनुवटीखाली अडखळत नाही. आरशात काही दिसलं नव्हतं, हाताला कळलं. मार्चमध्ये कपाळ साफ. काळे डाग अजून आहेत, पण फिके होत चाललेत. जुने खड्डे मात्र जसेच्या तसे. ते या जेलनं भरत नाहीत, तशी आशा धरून कुणी घेऊ नये.

इथवरचं मे महिन्यात लिहिलेलं. त्यापुढे ॲल्युमिनियमच्या ट्यूबवर दोन परिच्छेद होते, ते काढून टाकले, कारण काही गोष्टी नंतर कळल्या.

फुटकी ट्यूब घेऊन मी मेडिकलमध्ये गेलो होतो (गेल्या वर्षीचं ते नव्हे, दुसरं). तिथल्या वयस्कर फार्मासिस्ट काकांनी ट्यूब बघितली आणि विचारलं, "टूथपेस्टसारखी शेपटाकडून गुंडाळत आणता का?" हो म्हणालो. "रोज उलगडता, परत गुंडाळता?" तेही हो, किती उरलं ते बघायला. "मग चिरणारच. पत्रा एकाच जागी वाकवत राहिलात तर तुटेल नाही तर काय." ॲल्युमिनियम का, तर ते दाबलं की दबलेलंच राहतं. प्लास्टिकची ट्यूब फुगून परत हवा आत ओढते. उजेड आणि हवा आत जाऊ नये म्हणून औषधाला हे भांडं. आणि ३० अंशांच्या खाली ठेवा असं ट्यूबवरच छापलेलं होतं, जे मी सहा महिन्यांत वाचलं नव्हतं.

मग निम्मी चूक माझी, मान्य. पण निम्मीच. उजेडाला खरं नाजूक आहे ते ट्रेटिनॉइन, १९७१ पासून बाजारात असलेलं जुनं भावंड. ॲडापलीन १९९६ चं, आणि ते उजेडात टिकतं, बेंझॉइल पेरॉक्साइड या फोडांवरच्याच दुसऱ्या औषधाबरोबरही टिकतं, म्हणून तर दोन्ही एका ट्यूबमध्ये मिळतात. मग त्याला जाड प्लास्टिकची ट्यूब का नाही? काकांना विचारलं. ते म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनीच्या नंबरवर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा गाणं ऐकलं.

त्याच काउंटरवर त्या दिवशी वादही झाला. काका आत गेले आणि पोरानं नवी ट्यूब पिशवीत घातली. "तेच आहे, कंपनी वेगळी." घरी येऊन वाचलं तर ॲडापलीनच्या खाली क्लिंडामायसिन. ते अँटिबायोटिक, माझ्या चिठ्ठीत नाही, आणि उगाच महिनोन्‌महिने लावलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. परत गेलो. "औषध परत घेत नाही." सील तसंच होतं, बिल हातात होतं. पंधरा मिनिटं तिथेच उभा राहिलो, मागे रांग लागली, मग काका बाहेर आले आणि काही न बोलता बदलून दिलं. म्हणून सांगतो, ट्यूबवरची सगळ्यात बारीक ओळ तिथेच, काउंटरवर वाचा. अमेरिकेत ०.१ टक्का ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून आपणही उचलायचं, असं म्हणणारे भेटतात. आपल्याकडे चिठ्ठी लागते. मला कटकट वाटायची, आता तेवढी वाटत नाही.

वहिनीनं मध्ये माझी ट्यूब मागितली होती. तिचं बाळाचं चाललंय, म्हणून दिली नाही. गरोदरपणात हे चालत नाही. तिला वाटलं मी चार रुपयांसाठी कंजूषपणा करतोय. घरात माझी ख्याती तशी आहे. शेवटी मॅडमना फोन लावून दिला, तेव्हा पटलं.

चौथी ट्यूब १४ मेपासून माठाच्या तिवईखाली, स्टीलच्या डब्यात. आईची युक्ती, तिथे तिचे कांदे-बटाटे असतात. पत्र्याखाली पातळ होणारं जेल तिथे अख्ख्या मेमध्ये घट्ट राहिलं. गुंडाळणं बंद, बोटानं खालून सपाट करत आणतो. चीर नाही. परवा मॅडमना दाखवून आलो. नवा फोड महिन्याला एखादा, तोही बारका. मी विचारलं, आता बंद करू? त्या म्हणाल्या, बंद केलं की बुचं परत बसायला लागतील, आठवड्यातून तीन रात्रींवर या. म्हणजे ट्यूब चार महिने पुरेल. मनातल्या मनात गुणाकार केला आणि फी देताना पहिल्यांदा जड वाटलं नाही.

गुण द्यायचे तर औषधाला दहापैकी आठ, एक सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या छळासाठी कापला, एक खड्ड्यांसाठी. ट्यूबला शून्य दिलं होतं, आता तीन.

आज ६३ वी रात्र. संध्याकाळी ट्यूब दाबली तर काही येईना, म्हणून कात्रीनं शेपूट कापलं. आत कडेला दोन रात्रींचं निघालं. एक लावलं. दुसरं घडी घालून, क्लिप लावून, माठाखाली.